चुलीवरचं नायलॉन

लोकांच्या घरी गेल्यावर पाण्याचा जग हातात घेऊन आधी तो उलटा करून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमचा मास्तर होता, आणि आम्हाला प्लॅस्टिकच्या वस्तू घडवायला शिकवत होता. जग उलटा करण्यामागे शास्त्र होतं. वितळलेला माल साच्यात ज्या भोकातून शिरतो, तिथे वस्तूच्या बुडाशी एक बारीक खूण राहते. मास्तर तिला बेंबी म्हणत. बेंबी मधोमध आहे का, नीट कापली आहे का, यावरून कारखान्याचं कुळ कळतं असा त्यांचा सिद्धांत. चिपळूणजवळ आमच्यातल्या एकाच्या बहिणीचं लग्न होतं. तिथे भर पंगतीत त्यांनी एक निळा जग उचलला आणि उलटा केला. त्यात पाणी होतं, ही गोष्ट त्यांच्या लेखी किरकोळ. ते सगळं वरमायच्या शालूवर गेलं. वरमाय किंचाळली, मुलीच्या बापाचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मास्तर जगाच्या बुडावर बोट फिरवत म्हणाले, "बाय, बेंबी बाजूला गेलीय. हा जग वरीसभरात तडकतो की नाय बघा." त्या मित्राने पुढे त्यांना कुठल्याही कार्याला बोलावलं नाही. जग दिवाळीच्या आत तडकला, हे मात्र त्यानेच मला येऊन सांगितलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कोकणातली पोरं मुंबईला जातात म्हणून सरकारला अचानक वाईट वाटायला लागलं होतं. पोरांनी इथेच राहावं म्हणून रत्नागिरीबाहेर माळावर कारखाने येणार होते. कारखाने यायचे होते, पण त्यात काम करणारे कुशल कामगार आधी तयार करून ठेवायचे होते. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. त्यासाठी एक प्रशिक्षण केंद्र निघालं. केंद्र म्हणजे आमरस डबाबंद करणाऱ्यांनी सोडलेली पत्र्याची शेड. तिच्यात मुंबईच्या कुठल्याशा कारखान्याने टाकून दिलेलं एक मशीन, चौदा मुलं, एक प्राचार्य, एक कारकून, तीन कपाटं आणि मास्तर. कपाटांना कुलपं होती, किल्ल्या नव्हत्या.

मास्तर दाभोळकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. चौथी पास. चौदाव्या वर्षी मुंबई गाठलेली, आणि तीस-एकतीस वर्षं बादल्या, कंगवे, साबणाच्या डब्या असलं काय काय काढण्यात घालवलेली. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं शेवटचं पेर एका मशीनने ठेवून घेतलं होतं. केंद्र निघालं तेव्हा या धंद्यातलं ओ का ठो कळणारा दुसरा माणूस जिल्ह्यात सापडेना, म्हणून त्यांना बोलावलं. नेमणूक हंगामी. तेही मुंबईची खोली सोडून, बायको आणि दोन मुली घेऊन आले. आपल्या मातीत सरकारी नोकरी म्हटल्यावर माणसाची अक्कल गहाण पडते, त्यातलाच प्रकार.

पहिल्या दिवशी त्यांनी आमच्यापुढे ते तुटकं बोट नाचवलं. "हा धडा पयला. ज्याला पाठ होणार नाय त्याने मशीनमधी आपलं बोट घालावं आणि स्वतः शिकावं." संपला धडा. आमच्या अभ्यासाच्या पुस्तकात सुरक्षिततेचं प्रकरण सर्वांत शेवटी होतं, म्हणजे तोवर वर्गात सगळी मिळून किती बोटं उरली असती कोण जाणे.

शिकवायची त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे जाळणं. प्लॅस्टिक कुठलं ते जाळल्यावर वासावरून कळतं, आणि हे खरंच आहे. पॉलिथीन जळताना विझलेल्या मेणबत्तीचा वास येतो, नायलॉन जळताना केस जळल्याचा, स्टायरिन काळा धूर ओकतं आणि गोडसर वास सोडतं. पण हे फळ्यावर लिहून दिलं तर मास्तर कसले! ते आमच्या शर्टाची बटणं कापून घेत. पहिल्या महिन्यात चौदाच्या चौदा पोरं छाती उघडी टाकून हिंडत होती. माझी आई म्हणाली, "तुमच्यात शिकवतात की मारामाऱ्या करतात रे?"

एकदा वरचे साहेब तपासणीला आले. साहेबांच्या खिशात एक कंगवा होता, शिंगाचा म्हणून कौतुकाने घेतलेला. मास्तरांनी तो मागून घेतला. साहेबांना वाटलं, बिचाऱ्याला केस विंचरायचे असतील. मास्तरांनी त्याचा एक दात मोडला, काडी ओढली, काळा धूर काढला आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "सायेब, फसवलंनी तुमाला. शिंग कसलं? स्टायरिन हाय. आन तेही हलकं." साहेबांनी मोडका कंगवा परत खिशात ठेवला. ते मोठे सभ्य गृहस्थ होते. केंद्राला माल सुकवायचा ड्रायर हवा होता, त्या मागणीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. तो तिथेच राहिला, एवढंच.

आता हा ड्रायर काय प्रकार आहे ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. प्लॅस्टिकचा माल येतो साबुदाण्यासारख्या दाण्यांचा. त्यात नायलॉन भारी नाटकी. हवेतलं पाणी पितं. ओल्या दाण्याची वस्तू काढली की तिच्यावर रुपेरी ओरखडे उठतात, आत बुडबुडे धरतात, आणि दिसायला बरी वस्तू दाताखाली चणा फुटावा तशी फुटते. म्हणून माल आधी ड्रायरमध्ये ऐंशी अंशांवर चार तास सुकवायचा, असं पुस्तकात लिहिलेलं. पुस्तक लिहिणारा कोरड्या गावचा असणार. आमच्याकडे आषाढात मिठाच्या बरणीला पाझर फुटतो, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. आणि ड्रायर होता कुठे? तर केंद्राच्या नोंदवहीत. "ड्रायर – एक, चालू स्थितीत." वर्ष संपताना यादी पूर्ण दिसायला हवी म्हणून प्राचार्यांनी तो आधीच लिहून टाकला होता, येईल तेव्हा येईल म्हणून. जागाही सोडली होती त्याच्यासाठी कोपऱ्यात. तिथे कारकून सायकल लावायचा.

मास्तरांनी त्यावर तोडगा काढला होता. त्यांच्या बिऱ्हाडी चुलीवर बांबूची एक चौकट टांगलेली होती. पावसाळ्याचे सुके बांगडे तिच्यावर राहायचे. मास्तरांनी बांगडे एका बाजूला सारून दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या ताटात नायलॉन पसरलं. धग किती हवी ते ताटाखाली हात धरून ठरवायचे. दाणे सुकले की डब्यात भरून, डबा गोधडीत गुंडाळून, पावसातून पोटाशी धरून केंद्रात आणायचे. आमच्या पाळ्या लावलेल्या होत्या. त्यांच्या बायकोला आम्ही काकी म्हणायचो. काकी म्हणायच्या, "मेल्यांनो, सगळ्या जगाची लोकं चुलीवर भात शिजवतात, आमचे हे दोऱ्या शिजवतात!" पण शेणी आणि लाकडं त्याच लावायच्या. त्या मालाची वस्तू मात्र अशी निघे की बघत राहावं. एक ओरखडा नाही, एक बुडबुडा नाही. बांगड्याचा थोडा वास येई, पण तो वस्तूला होता की आमच्या कपड्यांना, हे कधी ठरलं नाही.

"माल म्हणजे जावई," मास्तर म्हणत. "ओला आला तर आधी शेकायला बसवा, मग कामाला लावा. तसाच जुंपलात तर तुमचंच नाक कापील." वस्तू काढली की ती त्यांच्यापुढे न्यायची. ते ती उजेडात धरत, नखाने वाजवत, दाताखाली घालत. चुकली असली तर कोयत्याने तिचे दोन तुकडे करत आणि आतला बुडबुडा दाखवत. मी महिनाभर राबून काढलेलं पहिलं दातेरी चाक त्यांनी असं चिरलं तेव्हा मी त्यांचा मनातल्या मनात खून केला होता.

तर अशा थाटात आमचं वर्ष संपत आलं आणि वरून दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे कौशल्य मानकाचं पुस्तक. देशभरातल्या प्लॅस्टिक कामगाराला नेमकं काय काय आलं पाहिजे, ते त्यात कलमवार लिहिलं होतं. विचार उत्तम. भाषा मराठी आहे असा मुखपृष्ठावर दावा होता. "उष्मामृदू बहुवारिकाचे अंतःक्षेपण करण्यापूर्वी आर्द्रतानिष्कासन अनिवार्य." आम्ही मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी कारकुनाकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "माल घालायच्या आधी सुकव, म्हणतो. मग तसं बोल ना मेल्या!"

दुसरी गोष्ट म्हणजे एक हुकूम. यापुढे शिकवणाऱ्याकडेही मानकाप्रमाणे प्रमाणपत्र हवं. ज्याच्याकडे नाही त्याने येत्या परीक्षेला बसावं. पास झाला तर कायम, नापास झाला तर घरी. प्राचार्यांनी तो शेडमध्येच वाचून दाखवला. मास्तरांनी हातातला पाना खाली ठेवला.

"म्हंजे मी शिकवलेलं मला येतंय का, ते मीच शिकवलेल्या पोरांसंगती बसून दाखवू?"

"वरून आलंय हो," प्राचार्य म्हणाले. वरून पाऊस यावा तसंच ते बोलले.

मुंबईची खोली गेलेली, मुली इथल्या शाळेत, वय पंचेचाळीशीच्या पुढे, एका हाताला साडेचार बोटं. हा माणूस परत कुठल्या कारखान्याच्या दारात उभा राहणार होता? हे आम्हाला कळत होतं. त्यांनाही कळत होतं, कारण दुसऱ्या दिवशी ते माझ्या बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, "तू मॅट्रिक हायेस. मला ह्या पुस्तकातलं बोलायला शिकव."

मी महिनाभर त्यांना शिकवलं. संध्याकाळी शेडमध्ये ते हाताची घडी घालून उभे राहत आणि मी परीक्षक होऊन प्रश्न विचारत असे. सूड घ्यायची संधी मी सोडली नाही, हे कबूल करतो. "नायलॉन कसं सुकवाल?" मी दरडावून विचारायचो. "ड्रायरमधी, ऐंशी अंशावर, चार तास, सायेब," ते घडाघडा म्हणायचे. एक शब्द चुकत नव्हते. आम्हा सगळ्यांना त्यांनी स्वतः बजावून ठेवलं होतं, "तोंडी परीक्षेत चुलीचं नाव काढलंत तर तंगडी मोडीन. पुस्तकात चूल नाय. ड्रायर म्हणायचं, न् गप बसायचं."

परीक्षा आली नेमकी आषाढात. परीक्षक घाटावरून आले होते. पांढरा शर्ट, मखमली पेटीत मोजमापाचं हत्यार, पायात बूट. बूट शेडच्या दारातच चिखलात रुतला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. दोन दिवस आम्ही वस्तू काढल्या. प्रत्येकाने दहा दातेरी चाकं काढायची होती, आणि आदल्या दिवसापासून काकींची चूल विझली नव्हती. मास्तरांनी आपली दहा चाकं सगळ्यांत शेवटी काढली. परीक्षकांनी ती मोजली, पुन्हा मोजली, भिंगातून बघितली. मग त्यातलं एक रुमालात गुंडाळून खिशात टाकलं. "नमुना म्हणून असू दे," म्हणाले. आमच्याकडे बघून मास्तरांनी एक डोळा मिटला. माझ्या छातीवरचा दगड उतरला. गडी जिंकला, मी मनात म्हटलं.

राहिली तोंडी परीक्षा. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की प्रश्न ओरडून विचारावे लागत आणि उत्तरं ओरडून द्यावी लागत. त्यामुळे तोंडी परीक्षा गुप्त वगैरे राहिलीच नाही, शेडमधल्या सगळ्यांनी सगळ्यांची ऐकली. चौदा पोरांनी आळीपाळीने "ड्रायरमध्ये, ऐंशी अंश, चार तास!" अशी आरोळी ठोकली. मीही ठोकली. सायकलवरचं कापड नीट करत कारकून कोपऱ्यात उभा होता. मग मास्तर समोर जाऊन उभे राहिले.

"हे नायलॉन तुम्ही कसं सुकवलंत?" परीक्षकांनी विचारलं.

मास्तर परीक्षकांच्या खिशाकडे बघत होते. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. परीक्षकांनी पुन्हा ओरडून विचारलं.

"चुलीवर!" मास्तर ओरडले.

 प्राचार्यांनी दाराची चौकट धरली.

"कशावर?"

"चुलीवर, सायेब. घरच्या."

परीक्षक जरा हसले. मग खरंच समजुतीने म्हणाले, "अहो, पुस्तकात काय आहे? ड्रायर म्हणा. मी लिहितो. काम तुमचं उत्तम आहे."

"ड्रायर दाखवा, मग म्हणतो."

परीक्षकांनी कोपऱ्यात पाहिलं. सायकल पाहिली. नोंदवही उघडली, तिच्यात ड्रायर पाहिला. मग त्यांच्या सगळं लक्षात आलं, आणि चेहरा उतरला तो त्यांचाच. "हे बघा," ते आता ओरडत नव्हते, पण जवळ असल्यामुळे मला ऐकू आलं. "केंद्रात ड्रायर नाही असं मी लिहिलं, तर ही परीक्षाच रद्द. या चौदाही मुलांनी माझ्यासमोर ड्रायर म्हटलंय. सगळी नापास होतील. तुम्हाला हे हवंय?"

मास्तरांनी वळून आमच्याकडे पाहिलं. आम्ही चौदाजण, नवी बटणं लावलेले शर्ट घालून भिंतीशी उभे. मी खाली बघितलं. माझ्याने नजर वर होईना.

"पोरांनी ड्रायरमधीच सुकवलं असंल," मास्तर म्हणाले. "त्यांचं मला म्हायत नाय. माझा माल मी चुलीवर सुकवला."

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. मग लिहिलं. ते पुढे मला पाहायला मिळालं, कारण कागद केंद्राच्याच दप्तरात राहिला: "उमेदवारास माल सुकवण्याच्या प्रमाणित पद्धतीचे ज्ञान नाही."

ज्ञान नाही! महिनाभर हाताची घडी घालून घोकलेलं उत्तर, आणि ज्ञान नाही! मी त्या दिवशी त्यांच्यावर असा भडकलो की पावसात त्यांच्यामागून बोंबलत गेलो. "एक शब्द बोलायचा होता हो तुम्हाला! आमच्याकडून घोकून घेतलात, आम्हाला खोटं बोलायला लावलंत, आणि स्वतःला काय झालं?"

ते चालतच राहिले. "अरे, पुस्तकात काय हाय, असं त्याने नंतर विचारलंन," म्हणाले. "आधी विचारलंन, तुमी कसं सुकवलंत. चांगला माणूस. माझं चाक खिशात घातलंन. त्याला कसं खोटं सांगू?"

कपाळ माझं! मी परत फिरलो.

चौदाच्या चौदा पास झाले. केंद्राच्या निकालाचं वर कौतुक झालं, प्राचार्यांना बढती मिळाली. मास्तरांची हंगामी नेमणूक संपली. त्यांच्या जागी प्रमाणपत्र असलेला माणूस हवा होता, आणि जिल्ह्यात प्रमाणपत्रं होती चौदा, सगळी ताजी. पहिला नंबर माझा. प्राचार्यांनी मला बोलावलं. घरी बाबा म्हणाले, "देव दारात आलाय, त्याला विचारत बसू नको कुठून आलास." मी मास्तरांना विचारून होकार देणार होतो. खरंच देणार होतो. आज जाऊ, उद्या जाऊ करत होकार कधी देऊन बसलो ते कळलंच नाही. त्यानंतर तर कुठल्या तोंडाने जाणार? वर्षभर मी बाजाराचा तो रस्ताच टाळला. ते घरी बसून फुटक्या बादल्या तापल्या सळईने सांधून देतात, असं कानावर यायचं. सांधा दिसतसुद्धा नाही, असं लोक सांगायचे. मी ऐकून घ्यायचो.

पुढचा आषाढ आला. ड्रायर आला नव्हता. वहीत होता, आता माझ्या सहीने होता. माझ्या पोरांच्या हातून एकामागून एक रुपेरी ओरखड्यांची चाकं निघायला लागली. मी ओव्हन मागवला, शेगडी लावून पाहिली, माल जाळून ठेवला. परीक्षेला आठ दिवस उरले तेव्हा मी लाज गुंडाळून ठेवली आणि दाण्यांचा डबा गोधडीत गुंडाळून त्यांच्या दारात उभा राहिलो.

मास्तर चुलीशी बसून सळई तापवत होते. काकींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या उठून आत गेल्या. त्यांचं बरोबर होतं. मास्तरांनी उठून माझ्या हातातला डबा घेतला. झाकण काढलं, आत हात खुपसला, मूठभर दाणे चोळले.

"लय ओला हाय," म्हणाले. त्यांनी चौकटीवरून बांगडे बाजूला केले, ताट पुसलं, दाणे एकसारखे पसरले आणि ताटाखाली हात धरून धग बघितली. कशाला आलास नाही, इतके दिवस कुठे होतास नाही, काही नाही. 

मग त्यांनी भिंतीशी टेकवलेला पाट काढला, खांद्यावरच्या पंच्याने पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. वर्षभर मला मेल्या म्हणून हाक मारणारा तो माणूस म्हणाला, "बसा, सर. चार तास लागतील."

माझा सगळा जन्म लोकांना टोमणे मारण्यात गेला. कुणी मला मारला तर तो मला शंभर पावलांवरून ऐकू येतो. त्या 'सर'मध्ये मी तो कान देऊन शोधला. नव्हता.